जन्म निवडण्याचा खेळ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूच्या हाती एक कोरा तक्ता येतो. आपण ज्या पात्राच्या रूपाने खेळणार, त्याचे नाव, त्याचा पेशा आणि त्याचा वंश त्यात लिहायचा असतो. माणूस व्हायचे की एल्फ, डोंगराच्या पोटात राहणारा दाढीवाला ड्वार्फ व्हायचे की कमरेएवढ्या उंचीचा हाफलिंग, हे खेळाडूने ठरवायचे. प्रत्यक्ष आयुष्यात कुणालाही न मिळणारी निवड इथे पहिल्याच पानावर मिळते.

गेली काही वर्षे मी या खेळाच्या नियमपुस्तकांच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून वाचते आहे. जन्म खेळाडू निवडतो. पण त्या जन्माला काय मिळणार आणि काय नाकारले जाणार, हे नियमपुस्तक ठरवते. हा हिशेब पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा बदलला आहे. एका करमणुकीच्या खेळातले हे बदल म्हणजे जन्म आणि गुण यांच्या नात्याविषयी विसाव्या आणि एकविसाव्या शतकात चाललेल्या वादाचीच छोटी नोंदवही आहे, असे मला वाटते. त्या नोंदवहीतली काही पाने या लेखात वाचकांपुढे ठेवायची आहेत.

खेळ आणि त्याचे आकडे

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातला एक ‘डंजन मास्टर’ असतो. तो जगाचे वर्णन करतो : समोर पडका किल्ला आहे, दाराला कुलूप आहे, आतून घोरण्याचा आवाज येतो आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र सांभाळतात आणि आपले पात्र काय करील ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असतो, तिथे फासे टाकले जातात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट मात्र महिनोन्‌महिने चालू राहते.

पात्राचे सहा गुण आकड्यांत मोजलेले असतात : ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. मूळ पद्धतीत तीन फासे टाकून प्रत्येक गुण ठरे. म्हणजे तो ३ ते १८ यांच्यामध्ये कुठेही असे. याशिवाय पात्राची ‘पातळी’ असते. अनुभव मिळेल तशी ती पहिलीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर चढते आणि पात्र अधिक समर्थ होते. पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो : जन्मामुळे गुणांचा आकडा बदलतो का, आणि जन्मामुळे पातळीची चढण कुठे थांबते का.

१९७४ : वरचे छत

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे लहानसे गाव आहे. गॅरी गायगॅक्स तिथला. छोट्या पुतळ्यांची सैन्ये टेबलावर मांडून लढाया खेळण्याचा त्याला नाद होता. १९७१ साली त्याने जेफ पेरन याच्याबरोबर ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक काढले. त्याच्या शेवटी जादूगार, ड्रॅगन आणि एल्फ यांच्यासाठी एक पुरवणी जोडलेली होती. शेजारच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह अर्नेसन ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मुलखात आपल्या मित्रांना खेळवत होता. त्याच्या खेळात प्रत्येकाकडे फौज नसे, एकच पात्र असे. या दोघांनी मिळून जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १००० प्रतींची.

त्यातल्या पहिल्या पुस्तिकेत माणसाखेरीज तीन जन्म दिले होते : ड्वार्फ, एल्फ आणि हॉबिट. तिन्हींवर टोल्किनच्या कादंबऱ्यांची छाप उघड होती. आपल्यावर टोल्किनचा प्रभाव वरवरचा आहे, आपले खरे गुरू रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स हे लेखक, असे गायगॅक्स पुढे सांगत राहिला. पण खेळायला येणाऱ्या तरुणांना एल्फ आणि हॉबिट हवे होते. १९६५ पासून अमेरिकेत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या स्वस्त कागदी आवृत्त्या मिळत होत्या आणि कॉलेजची मुले त्यांनी झपाटली होती. १९७७ च्या सुमारास टोल्किनच्या साहित्याचे व्यापारी हक्क असलेल्यांनी हरकत घेतली, तेव्हा ‘हॉबिट’चा ‘हाफलिंग’ झाला. नाव बदलले, जन्म तोच राहिला.

हे जन्म निवडता येत होते, पण फुकट नाही. १९७४ च्या नियमांत ड्वार्फला केवळ लढवय्या होता येई आणि तोही सहाव्या पातळीपर्यंत. हॉबिटचे छत चौथ्या पातळीवरच. एल्फ लढवय्याही होऊ शके आणि जादूगारही, पण लढवय्या म्हणून चौथीपर्यंत आणि जादूगार म्हणून आठवीपर्यंत. माणसाला मात्र कुठलेच छत नव्हते.

यामागचे कारण द्वेषाचे नव्हते, हिशेबाचे होते. एल्फला गुप्त दारे सापडत, ड्वार्फला भुयारातले सापळे आणि उतार कळत. इतके सगळे मिळत असेल तर साधा माणूस कोण होईल? म्हणून माणसाला दूरचे भविष्य दिले आणि इतरांना जवळचे फायदे. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्सने हे जग माणूसकेंद्रीच असले पाहिजे, अशी भूमिका सविस्तर मांडली आहे. त्याच्या मूळ पुस्तिकेत मात्र एक मोकळी खिडकीही होती : खेळाडूला हवे तर ड्रॅगनसुद्धा होता येईल, फक्त सुरुवात पिल्लापासून करावी. पन्नास वर्षांचा पुढचा इतिहास म्हणजे या छताचा आणि या खिडकीचा झगडा आहे.

१९७८ : जन्माचा कोष्टकपट

१९७८ साली ‘प्लेयर्स हँडबुक’ आले आणि हिशेब बारीक झाला. आता जन्मासरशी गुणांचे आकडे बदलू लागले. ड्वार्फला चिवटपणात एक अधिक, छाप पाडण्यात एक उणा. एल्फला चपळाईत एक अधिक, चिवटपणात एक उणा. अर्ध-ऑर्क, म्हणजे माणूस आणि ऑर्क यांचे अपत्य, त्याला ताकद आणि चिवटपणा एकेक अधिक, पण छाप दोनने उणी. पेशांवरही कुंपण आले. पॅलडिन, म्हणजे व्रतस्थ धर्मयोद्धा, फक्त माणूसच होऊ शके. ड्वार्फला जादूगार होण्याची मुभाच नव्हती. छते अजून होतीच. एका पेशाला मात्र ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग, नोम यांपैकी कुणालाच छत नव्हते : चोर. अर्ध-ऑर्कला चोरीतही छत होते. त्याला अमर्याद वाट होती ती फक्त मारेकऱ्याची.

याच पुस्तकात आणखी एक कोष्टक आहे. कुठल्या वंशाला कुठला वंश कितपत आवडतो, याच्या सहा पायऱ्या त्यात आहेत. वर जिव्हाळा, तळाशी द्वेष. ड्वार्फ आणि एल्फ यांच्यात तिटकारा, ड्वार्फ आणि अर्ध-ऑर्क यांच्यात द्वेष. दोन पात्रे भेटण्याआधीच त्यांना एकमेकांविषयी काय वाटते, ते छापून आलेले. हे पान वाचताना मला परदेशी खेळाचे पुस्तक वाचते आहे असे वाटले नाही. पंक्तीला कोण कुणाशेजारी बसेल, हे पंगत मांडण्याआधीच ठरलेल्या समाजात आपण वाढलो आहोत.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्या पुस्तकात बाईच्या ताकदीलाही पुरुषापेक्षा खालची कमाल मर्यादा होती. म्हणजे प्रश्न काल्पनिक वंशांपुरता नव्हता. जन्मातून क्षमता ठरते, हे गृहीतच त्या कोष्टकांच्या बुडाशी होते.

१९८१ : जन्म हाच पेशा

नवख्यांसाठी खेळ सोपा करायला १९८१ साली टॉम मोल्डव्हे याने संपादित केलेला ‘बेसिक’ संच निघाला. त्याने वंश आणि पेशा हे दोन रकाने एकत्र केले. माणूस असाल तर लढवय्या, पुरोहित, जादूगार की चोर, हे निवडा. ड्वार्फ असाल तर तुमचा पेशा ‘ड्वार्फ’. एल्फ असाल तर पेशा ‘एल्फ’. ड्वार्फला बारावी पातळी, एल्फला दहावी, हाफलिंगला आठवी. त्यापुढे रस्ता नाही.

अमेरिकेतल्या खेळाडूंनी या नियमाकडे सोपेपणाची युक्ती म्हणून पाहिले, आणि ती खरोखर तशी होतीही. आजही अनेक जुने खेळाडू त्या सुटसुटीतपणासाठी हा संच काढून बसतात. मराठी वाचकाला मात्र तिथे दुसरेच काही दिसेल. एका समूहाला पेशे निवडण्याचे स्वातंत्र्य, बाकीच्यांचा जन्म हाच त्यांचा पेशा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या भाषणात जातीच्या समर्थकांना दिलेले उत्तर आठवा. जात ही कामांची वाटणी आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी बजावले होते, की ही काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. लेक जिनिव्हात कुणी ते भाषण वाचले असेल असे नाही. पण खेळ सोपा करण्याच्या ओघात कागदावर आपोआप उतरलेली रचना आपल्या ओळखीची निघावी, यातच विचार करण्यासारखे आहे. विषमता नेहमी दुष्टाव्यातून जन्मते असे नाही. पुष्कळदा ती सोयीतून जन्मते.

पुण्यातल्या एका गटाचा खेळ मी अधूनमधून पाहायला जाते. ती मुले मराठीत बोलतात, पण या रकान्याला ‘रेस’ म्हणतात. नव्या मुलाने एकदा गमतीने ‘जात कुठली घेतलीस रे?’ असे विचारले, तेव्हा हसू फुटण्याआधी क्षणभर टेबल गप्प झाले होते. आपल्या भाषेत ‘जात’ हा शब्द आंब्यालाही लागतो आणि माणसालाही. इंग्रजीने ज्या दोन अर्थांसाठी दोन शब्द वापरले, ते मराठीत एकाच शब्दात नांदतात.

छत कोसळते

नियमांना पहिला धक्का चर्चेने दिला नाही, लोकप्रियतेने दिला. ड्राउ म्हणजे जमिनीखाली राहणारे काळ्या कातडीचे एल्फ. खेळात ते आधी केवळ शत्रू होते, जन्मजात दुष्ट ठरवलेले. १९८५ च्या एका पुरवणी पुस्तकाने खेळाडूला ड्राउ होण्याची वाट उघडली. १९८८ साली आर. ए. साल्व्हाटोर याच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ या कादंबरीत ड्रिझ्ट हा ड्राउ योद्धा आला. आपल्या लोकांचे क्रौर्य नाकारून बाहेर पडलेला आणि जिथे जाईल तिथे कातडीवरून ओळखला जाणारा हा नायक वाचकांनी डोक्यावर घेतला. आपल्याला यात नवे काही वाटू नये. प्रल्हाद दैत्याच्याच घरातला होता आणि बिभीषण लंकेच्या राजवाड्यातला.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने छते उंच केली, पण काढली नाहीत. १९९७ मध्ये मूळची कंपनी टीएसआर ही ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली. तिने छत पूर्णपणे उडवले. कुणीही काहीही व्हावे, कितीही वर चढावे. ड्वार्फ जादूगार झाला, अर्ध-ऑर्क धर्मयोद्धा झाला. गुणांचे अधिक-उणे मात्र राहिले आणि मोठे झाले : अर्ध-ऑर्कला ताकद दोनने अधिक, बुद्धी आणि छाप दोन-दोनने उणी. दार उघडे होते, पण उंबरा उंच होता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ‘प्लेयर्स हँडबुक’मधल्या वंशांचे उणे आकडे गेले, फक्त अधिक उरले.

शब्दाचे ओझे

टोल्किनच्या लिखाणात ‘रेस’ हा शब्द कूळ, वंश अशा जुन्या इंग्रजी अर्थाने येतो. पण त्याच्याच काळात या शब्दाला दुसरा, भयंकर अर्थ चिकटला होता. १९३८ साली ‘द हॉबिट’चा जर्मन अनुवाद काढू पाहणाऱ्या प्रकाशकाने त्याला ‘तुम्ही आर्य आहात का’ असे विचारले. टोल्किन भाषाशास्त्राचा प्राध्यापक. त्याने उत्तराच्या मसुद्यात लिहिले, की आर्य म्हणजे हिंदी-इराणी भाषांशी संबंधित. आपल्या पूर्वजांपैकी कुणी हिंदुस्थानी, फारसी किंवा जिप्सींची भाषा बोलल्याचे ऐकिवात नाही. ज्यू असण्याबद्दल विचारत असाल, तर त्या गुणी लोकांत आपले पूर्वज नाहीत याचा खेदच वाटतो. वंशाच्या राजकारणाची इतकी सभ्य फजिती क्वचित कुणी केली असेल. याच टोल्किनने पुढे १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांचे रूप सांगताना मंगोल चेहरेपट्टीचे विद्रूपीकरण असे वर्णन केले. दोन्ही पत्रे एकाच माणसाची आहेत. वंशवादाची खिल्ली उडवणाऱ्याच्या कल्पनेतही शत्रूचा चेहरा युरोपाबाहेरचाच होता.

खेळात हे वारंवार घडले. १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसकथेत आलेल्या भटक्या जिप्सींतून पुढे ‘व्हिस्टानी’ नावाचा समूह घडला. फसवे, भविष्य सांगणारे, खलनायकाचे हस्तक : युरोपात रोमा लोकांविषयी शतकानुशतके असलेले सगळे पूर्वग्रह त्यांत उतरले. या रोमांची भाषा आपल्या मराठी-हिंदीची दूरची बहीण आहे.

२०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली आणि अमेरिकेत रान पेटले. १७ जून रोजी कंपनीने निवेदन काढले : ऑर्क आणि ड्राउ यांना यापुढे जन्मजात दुष्ट दाखवले जाणार नाही, व्हिस्टानींचे चित्रण सुधारले जाईल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने गुणांचे अधिक आकडे हवे तिथे टाकण्याची मुभा दिली. २०२२ मध्ये मात्र एका नव्या पुस्तकात हॅडोझी नावाच्या वानरवंशीयांच्या पूर्वकथेत गुलामगिरीचा प्रसंग छापला गेला. टीका झाली, कंपनीने माफी मागून तो मजकूर काढला. त्याच डिसेंबरात ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ वापरण्याची घोषणा झाली. कंपनीचा प्रतिस्पर्धी ‘पाथफाइंडर’ हा खेळ २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतच ‘अँसेस्ट्री’, म्हणजे पूर्वजपरंपरा, या शब्दाकडे वळला होता.

‘स्पीशीज’ म्हणजे प्रजाती. शब्द शास्त्रीय आणि निर्मळ वाटतो, पण त्याने अंतर कमी केले की वाढवले? वंश वेगळे असलेली माणसे शेवटी माणसेच असतात. प्रजाती वेगळ्या म्हटल्यावर तो धागाही विरतो. पाथफाइंडरचा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. तो केवळ कुणाच्या पोटी जन्मलात एवढेच विचारतो.

घटोत्कचाचा रकाना

२०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये दहा प्रजाती आहेत. ऑर्क आता शत्रूच्या यादीतून उठून खेळाडूच्या यादीत आला, आणि त्याच वेळी अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क यादीतून गेले. ‘अर्धा’ म्हणणे अपमानकारक आहे, हा आक्षेप रास्त होता. पण मिश्र घरात वाढलेल्या कितीतरी खेळाडूंना पन्नास वर्षे तोच एक रकाना आपला वाटत आला होता. नाव दुखावणारे होते म्हणून नाव बदलता आले असते. इथे जागाच गेली.

मला इथे घटोत्कच आठवतो. भीम आणि हिडिंबा यांचा हा मुलगा. महाभारत त्याला अर्धा म्हणत नाही. तो पुरता राक्षस आहे, रात्री त्याचे बळ वाढते, आणि तो पुरता भीमाचा मुलगाही आहे. त्याच्या मरणावर पांडव रडतात आणि कर्णाची शक्ती त्याच्यावर खर्ची पडली म्हणून कृष्णाला आनंद होतो, तेव्हा त्याला आपले म्हणण्याची किंमतही कळते. महाभारत निष्पाप नाही. पण त्याने मिश्र जन्माला जागा नाकारली नाही.

आपला राक्षस या खेळातही गेला आहे, पण वेगळ्या वाटेने. १९७५ साली तो शत्रूंच्या यादीत आला आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये वाघाचे तोंड घेऊन ऐटीत बसला. त्याचे मूळ रामायणात शोधू नये. ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या एका भागातून गायगॅक्सने तो उचलला; पुरोहिताने मंत्रवलेल्या बाणाने तो मरतो, हेही तिथलेच. पुराणातल्या राक्षसांत रावणासारखा वेदपाठी आहे, बिभीषण आहे, हिडिंबा आहे. तिथून निघालेला शब्द खेळात पोचला तेव्हा त्याच्याजवळ फक्त दुष्टपणा उरला होता. संस्कृती प्रवासाला निघाली की जड सामान आधी टाकून देते.

रकाना बदलला, कोष्टक राहिले

आज जन्मामुळे काय मिळते? ड्वार्फला विषाचा त्रास कमी होतो, एल्फला अंधारात दिसते. गुणांचे आकडे मात्र जन्मापासून तोडले आहेत. ते आता ‘पार्श्वभूमी’ला, म्हणजे पात्र आधी काय काम करत होते त्याला, जोडले आहेत. २०२४ च्या पुस्तकात अशा सोळा पार्श्वभूमी आहेत. जन्माकडून कर्माकडे, असे म्हणून टाळ्या वाजवायला हरकत नाही.

पण मी ते कोष्टक महाराष्ट्रात बसून वाचते. लेखनिकाला चपळाई, बुद्धी आणि शहाणपण यांत वाढ मिळते. पंडिताला चिवटपणा, बुद्धी आणि शहाणपण. शेतकऱ्याला ताकद, चिवटपणा आणि शहाणपण. शेतकऱ्याच्या ओळीत बुद्धी नाही. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांना ही ओळ दाखवली असती, तर ते काय म्हणाले असते याचा अंदाज करणे अवघड नाही. शेतकऱ्याला विद्या मिळाली नाही म्हणून त्याची मती गेली, हे त्यांचे म्हणणे. मती मुळातच कमी होती, हे नव्हे. २०२० च्या पुस्तकाने आकडे मोकळे सोडले होते, २०२४ च्या पुस्तकाने ते पुन्हा बांधले. यावेळी रक्ताला नव्हे, धंद्याला. आणि धंदा हा केवळ कर्माचा भाग असतो असे मानायला आपला इतिहास आपल्याला परवानगी देत नाही.

एक वाट पुस्तकानेच मोकळी ठेवली आहे. छापील पार्श्वभूमी पटत नसेल, तर डंजन मास्टरने नवी बनवावी, अशी सोय ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये आहे. पुण्यातल्या त्या गटाने तिचा उपयोग केला. त्यांच्या टेबलावरच्या एका मुलीचे पात्र शेतकऱ्याच्या घरातले आहे, तिच्या तक्त्यावर ताकदीच्या जागी बुद्धी लिहिलेली आहे, आणि या बदलासाठी तिला कुणाला कारण द्यावे लागलेले नाही. १९७४ च्या पुस्तिकेत ड्रॅगनच्या पिल्लासाठी उघडी ठेवलेली खिडकी अजून बंद झालेली नाही. छापील कोष्टके यापुढेही बदलत राहतील. ती वाचताना पाहायचे ते इतकेच, की कुठल्या ओळीत काय लिहिले आहे आणि कुणाच्या ओळीत काय लिहायचे राहिले आहे.